डावीकडची खूण

नेवासा फाट्याकडून गावाकडे येताना, उसाच्या ट्रेलरांनी उखडून ठेवलेल्या वळणावर नूरुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज लागतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. तेहेतीस वर्षं तिथे मिस्त्रीचा हात चालला. गेल्या चौदा महिन्यांपासून त्याच्या बायकोचा, मुबारकबीचा हात चालतो. ऐकणाऱ्याला याचं मोठं कौतुक वाटतं. मुबारकबीला त्या कौतुकाचाही कंटाळा आला होता.

पहाटे अजानच्या आधीच तिचे डोळे उघडायचे. झोप पुरी झाली म्हणून नव्हे, गुडघे ठणकायचे म्हणून. नमाज झाली की पाणी तापत ठेवायचं, मिस्त्रीच्या डाव्या हातापायाला तेल चोळायचं, आखडलेलं एकेक बोट सरळ करायचं, त्याला धरून मोरीपर्यंत न्यायचं, अंघोळ घालायची, सदरा चढवायचा, गोळ्या द्यायच्या. एवढ्यात नऊ वाजत. मग पदर खोचून शेडचं दार ढकलायचं आणि पाना हातात घ्यायचा. संध्याकाळी हाताचं काळं आधी डिझेलनं, मग साबणानं घासून काढायचं आणि त्याच हातांनी भाकरी थापायची. भाकरीला वास येतो असं मिस्त्री तोंडानं कधी म्हणाला नाही. पण अर्धं ताट तसंच ठेवून उठायचा. ते तिच्या मनाला लागायचं. बोलून काय उपयोग, म्हणून ती गप्प राही.

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मिस्त्री एका टेम्पोखाली ब्रेकचं काम करत होता. आतून काही आवाज येईना म्हणून तिनं वाकून पाहिलं, तर तोंड वाकडं झालेलं आणि डावा हात मेल्यासारखा पडलेला. नगरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढले. बोलणं परत आलं, तोंड सरळ झालं, काठीच्या आधारानं पायही टाकता येऊ लागला. हात तेवढा लोंबताच राहिला. गॅरेजात कामाला असलेला माणूस तोवर दुसरीकडे लागला होता. एकुलता मुलगा फैयाज नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत मशीनवर होता. तो म्हणाला, "आता बास. दार लावा आन् माझ्याकडं चला." मिस्त्री नाही म्हणाला. खुर्ची टाकून शेडमध्ये बसला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवेना. आधी मुबारकबी पाने हातात देत होती. मग नट ढिले करू लागली. मग ऑइल बदलणं, ब्रेकचे लायनर, क्लचची वायर. तो सांगायचा, ती करायची. घरात दोघं आपसात दखनी बोलत. पण मिस्त्री काम शिकला ते राहुरीच्या एका मराठी उस्तादाकडे, म्हणून इंजिनापाशी त्याच्या तोंडी मराठीच यायची. तीही मग शेडमध्ये मराठीच बोलू लागली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कुकाण्याचा गोरक्षनाथ गाडी घेऊन आला. लग्नकार्याला, दवाखान्याला भाड्यानं गाडी चालवणारा माणूस. मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक. गाडी डिझेलची, बरीच चाललेली.

"टायमिंग बेल्ट बदलायचाय," तो म्हणाला. "बाजूनं चिरा पडल्यात. ऑइलबी गळतंय वरनं."

मुबारकबी म्हणाली, "दुसरीकडं टाका भाऊ. यांच्या आजारपणापासून टायमिंगचं काम केलं न्हाई आमी."

"नगरला टाकली तर दोन दिस ठेवून घेत्यात, भाभी. रविवारी नवरदेव न्यायचाय मला. आन् मिस्त्री समोर बसल्यात की. डोकं शाबूत हाय न त्यांचं?"

"डोकंबी हाय आन् डोळंबी हाईत," मिस्त्री खुर्चीतून म्हणाला. "ठेव गाडी. पाचला ये."

टायमिंगचं काम म्हणजे काय ते मुबारकबीनं टॉर्च धरून धरून कितीदा तरी पाहिलं होतं. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यानं पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, तो वॉल्व उघडतो आणि मिटतो. दोघांना एका चालीत ठेवतो तो हा दातांचा रबरी पट्टा. खालचा दोन फेरे फिरला की वरचा एक फेरा. पट्टा बसवताना एखादा दात चुकला तर गाडी ओढत नाही. तीन-चार दात चुकले तर वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतो, वॉल्व वाकतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. मिस्त्री म्हणायचा, "एकानं पाऊल टाकायच्या आत दुसऱ्यानं उचलायचं. न्हाईतर दोघंबी तोंडावर."

सकाळ उघडण्यातच गेली. उजवं चाक काढलं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून जॅक लावला, वरचं कव्हर उतरवलं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट हलेना, तेव्हा लांब नळी घालून ती तिच्यावर अक्षरशः उभी राहिली. बोल्ट सुटला तेव्हा खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळं दुखून आलं. मिस्त्री खुर्चीतून मान पुढे काढून सांगत होता आणि मधूनच चिडत होता. स्वतःच्या हातानं पाच मिनिटांत जे झालं असतं, त्याला अर्धा तास लागताना बघत बसणं त्याला सोसत नव्हतं. तिला ते कळत होतं. पण कळलं म्हणून बोलणं कमी टोचत नाही.

वरचं ऑइल गळत होतं ते कॅमच्या रबरी सीलमधून. त्यासाठी कॅमची पुली काढावी लागली, आणि काढताना कॅम फिरून गेला. म्हणजे जुना पट्टा होता तसा नवा चढवला, एवढ्यावर भागणार नव्हतं. खालची आणि वरची खूण नव्यानं जुळवणं आलं.

जेवणं उरकून दोघं पुन्हा गाडीपाशी आली. खाली क्रँकची खूण तिनं बरोबर आणली. तिथे वाद नव्हता. वर मिस्त्री काठी टेकत आला, मडगार्डवर उजवा हात ठेवून वाकला आणि पुलीकडे पाहू लागला.

"ती रेष दिसती? ती मागच्या खाचेसमोर आण."

मुबारकबीनं पाहिलं. रेष होती. आणि तिच्या डाव्या अंगाला, दोन बोटांवर, लोखंडात कोरलेलं एक गोल टिंबही होतं.

"आन् हे गोल काय हाय?"

"कुठं?"

"हे काय, रेषेच्या बाजूला."

मिस्त्री पुन्हा वाकला, बराच वेळ बघत राहिला. "काय न्हाई तिथं. एकच खूण हाय. ग्रीस असंल, पूस."

तिनं पुसलं. टिंब तिथेच राहिलं. तेहेतीस वर्षांचं डोकं त्याचं. आपण चौदा महिन्यांत काय शिकलो! तिनं रेष खाचेसमोर आणली, खालून वर पट्टा चढवत नेला, एक बाजू ताणून धरली आणि शेवटी पट्टा ताणून ठेवणारा टेन्शनर सोडला. पट्टा बसला.

"आता हातानं दोन फेरं. सावकाश," मिस्त्री म्हणाला. हा त्याचा नेम होता. टायमिंग लावल्यावर पट्टा हातानं दोन फेरे फिरवून बघितल्याशिवाय त्यानं कधी चावीला हात लावू दिला नाही.

तिनं क्रँकला पाना लावून फिरवायला सुरुवात केली. पाव फेरा गेला, अजून थोडा गेला आणि पाना थांबला. आतून बारीक ठक्क झालं.

"लाव जोर. कॉम्प्रेशन असंल."

तिनं पाना तसाच धरून ठेवला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेल्या हवेचा जोर, तिच्या हाताला ओळखीचं होतं. ते हवा भरलेल्या ट्यूबसारखं हाताला मागं ढकलतं. हे भिंतीसारखं होतं.

"लाव म्हनतो न जोर!"

"न्हाई लावत."

मिस्त्रीला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणाली. मग काठी टाकून तो पुढे झाला आणि उजव्या हातानं त्यानं पान्याचा दांडा धरला. मुबारकबीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि सारं अंग टाकलं.

"हात काढ."

"काढत न्हाई. वॉल्व वाकतील."

"मला शिकवती तू?"

"तुमीच शिकवलं. हाताला भिंत लागली का थांबायचं. कुणीबी म्हनलं तरी थांबायचं."

त्याचा हात सैल झाला. तिनं क्रँक हळूच मागं घेतला, टेन्शनर ढिला केला, पट्टा उतरवला. घाम डोळ्यांत जात होता. पदरानं पुसायला गेली तर गालाला काळं लागलं.

"या पुलीवर किती खुना हाईत?" तिनं विचारलं. "बोट ठेवून दाखवा मला."

मिस्त्रीनं रागानंच बोट ठेवलं. रेषेवर. "एक."

तिनं त्याचं तेच बोट धरून डावीकडे सरकवलं आणि टिंबावर टेकवलं. बोटाला खळगा लागला तसा तो चमकला. मान वळवून, वाकून, त्यानं बोटाखाली पाहिलं.

"टिंब," तो म्हणाला. "टिंबच तर पायजे. रेष दुसऱ्या इंजिनाची असती, पुली एकच वापरत्यात कंपनीवाले." मग तिच्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पन मघाशी नव्हतं हे."

तो खोटं बोलत नव्हता.

मुबारकबीनं त्याला खुर्चीत बसवलं. "समोर त्या डब्याकडं बघा. नजर हलवू नका." मग एक पाना घेऊन तिनं त्याच्या उजव्या कानापाशी धरला. "दिसतो?" "दिसतो की." पाना त्याच्या डाव्या बाजूला नेला. "आता?" मिस्त्री डब्याकडेच बघत होता. "कुठं हाय आता पाना?" "तुझ्या हातात असंल. मला काय म्हाईत?" ती पाना हळूहळू उजवीकडे आणू लागली. नाकासमोर आला तेव्हा तो म्हणाला, "हां, आला."

मुबारकबी शेजारच्या टायरवर बसली. तिच्या डोळ्यांसमोर ताट आलं. दर वेळी डावीकडचाच भात शिल्लक, डावीकडचीच भाजी. आणि आपण चौदा महिने हाताच्या वासाला दोष देत राहिलो. दाढी करताना डावा गाल तसाच राहायचा. तिला वाटलं, हात पोचत नसेल. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज घासायचा. पायात एकच चप्पल घालून तो बाहेर यायचा. सगळं समोर होतं. दमलेलं माणूस बघतं, पण बघून त्याचं काही करत नाही.

"काय झालं?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुमाला डाव्या अंगाचं दिसत न्हाई."

"दोन्ही डोळं हाईत मला!"

"हाईत. पन दिसत न्हाई."

त्यानं मांडीवरचं फडकं फेकून दिलं. "दार लाव. गोरक्षला फोन कर, म्हनावं ओढून ने गाडी. बास झालं." आणि खुर्ची अर्धी वळवून भिंतीकडे तोंड करून बसला.

मुबारकबी टायरवरून उठली नाही. दार लावायचं. खरंच लावायचं. नागापूरच्या त्या दोन खोल्या, नळाला येणारं पाणी, सून सुमैरा, चहा करून हातात देणारी. दिवसभर कुणी पाना मागणार नाही. तिला त्या विचाराची लाज वाटली नाही, इतकी ती थकली होती. पण समोर गाडी पोट फाडल्यासारखी उघडी पडली होती, आणि ती तशी टाकून कुठेही जाऊन झोप येणार नाही हेही तिला ठाऊक होतं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली.

"मी बघते," ती म्हणाली. "तुमी सांगा."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. शेडचे पत्रे थरथरून थांबले.

"क्रँक पाव फेरा मागं घे आधी," भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला. "पिस्टन अर्ध्यात राहू देत. मग कॅम फिरव. न्हाईतर आतल्या आत टेकतील."

तिनं तसं केलं.

"टिंब खाचेसमोर आलं?"

"आलं."

"एका डोळ्यानं बघ. तिरकं उभं राहिलं का खूण सरकल्यासारखी वाटती."

ती चाकाच्या जागेत पाठ वाकवून शिरली आणि एक डोळा मिटून बघितलं. खरंच अर्धा दात फरक होता. तिनं तो काढला. क्रँक पुन्हा खुणेवर घेतला, पट्टा चढवला, टेन्शनर सोडला. मग पाना लावून फिरवू लागली. पाव फेरा. अर्धा. जिथे भिंत लागली होती तिथे आता ट्यूबसारखा मऊ जोर लागला आणि सरला. एक फेरा. दोन. दोन्ही खुणा आपापल्या जागी येऊन थांबल्या.

"अजून दोन फेरं घाल," मिस्त्री म्हणाला. त्यानं आता खुर्ची वळवली होती.

गोरक्षनाथ पाचच्या सुमाराला आला तेव्हा चाक चढवणं चाललं होतं. मुबारकबीनंच त्याला सांगितलं, "पहिल्यांदा चुकलं हुतं भाऊ. हातानं फिरवतानाच धरलं. आत काय झालं न्हाई, पन तुमाला म्हाईत असावं." गोरक्षनाथानं एकदा मिस्त्रीकडे, एकदा तिच्या काळ्या गालाकडे पाहिलं आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात लागली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिला.

"शिट्टी येतीय बारीक. टेन्शनर घट्ट झालाय."

तिला शिट्टी ऐकू आली नव्हती. गोरक्षनाथालाही नाही. तिनं गाडी बंद करायला लावली आणि टेन्शनर किंचित सैल केला. परत गाडी लावल्यावर मिस्त्रीनं मान हलवली. गोरक्षनाथ निघून गेला.

पुढच्या आठवड्यात फैयाज सुट्टी टाकून आला आणि दोघांना नगरच्या सावेडीतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं भरले.

"डोळे चांगले आहेत यांचे," बाई म्हणाल्या. "मेंदूच्या ज्या भागाला मार बसला, तो डाव्या बाजूची दखलच घेत नाही. यांना तिथे अंधार दिसतो असं नाही. ती बाजू आहे हेच यांना उमगत नाही."

"सुधारंल का?" फैयाजनं विचारलं.

"थोडंफार. वेळ बराच गेलाय. मान मुद्दाम डावीकडे वळवायची सवय लावा. जेवताना मध्येच ताट फिरवून द्या. रस्त्यावर एकट्यानं जाऊ देऊ नका."

परत येताना एसटीत मुबारकबी नेहमीसारखी खिडकीशी, त्याच्या डाव्या हाताला बसली. एसटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी कंडक्टर नगर-नेवासा असंच ओरडत होता. गाडी शेंडी गावाच्या पुढे आल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "तू घरात माझ्या कुठल्या अंगाला झोपती?"

"डाव्या. पहिल्यापासून."

"मी हाक मारायचो न, आन् तू म्हनायची इथंच तर हाय, कशाला वरडता. मला वाटायचं, तू उठून गेल्ती आन् आताच आली."

मुबारकबी उठली, त्याच्या गुडघ्यांवरून वाट काढत पलीकडे गेली आणि त्याला खिडकीकडे सरकवून उजव्या हाताला बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चालत्या गाडीत उठू नका."

घरी आल्यावर फैयाजनं पुन्हा तोच विषय काढला. दार लावा, चला. मिस्त्री या वेळी नाही म्हणाला नाही. त्यानं मान वळवून, अगदी डावीकडे वळवून, बायकोकडे पाहिलं. निर्णय तिच्यावर आला होता, आणि तेही तिला एक ओझंच वाटलं. ती म्हणाली, "मला आता कायतरी येतंय, तेच टाकून तिकडं जाऊन बसू व्हय? पन एका दिसाला एकच गाडी. आन् दुपारी दार बंद. माझ्यानं व्हत न्हाई." फैयाज चिडला, जेवला नाही, आणि संध्याकाळच्या गाडीनं नागापूरला गेला. त्याचंही चूक नव्हतं.

रमजान सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी मिस्त्रीचं ताट फिरवून देऊन, त्याचं जेवण होईपर्यंत बसून, मुबारकबी मागच्या खोलीत आडवी झाली. पाठीला फरशीचा गारवा लागला. लग्न झाल्यापासून ती दुपारची कधी झोपली नव्हती. आजारी असतानासुद्धा नाही. बाहेर एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. दार वाजलं.

"मिस्त्री, जरा बघता का? गाडी गरम व्हतीय."

"उद्या सकाळी आन," नूरुद्दीन म्हणत होता. "आज न्हाई."

"तुमी हाईत की इथं. बघा तर खरं."

"मी बघून काय करू? बघनारी झोपलीय. पानी घाल, थंड व्हऊ दे आन् सावकाश जा. उद्या नवाला ये."

गाडी थोडा वेळ तिथेच घरघरत राहिली. मुबारकबीचं अंग सवयीनं उठायला निघालं. हात फरशीवर टेकलाही गेला. पंख्याचा आवाज ऐकत ती तशीच थांबली. मग हात काढून पोटावर ठेवला आणि कुशीवर वळली. झोप काही लागली नाही, पण ती उठलीही नाही.